सिकलसेल असलेल्या मुलाला घेऊन घराबाहेर पडताना

विदर्भात, विशेषतः गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात, आणि तिकडे नंदुरबारच्या सातपुड्यात अशी असंख्य घरे आहेत, जिथे एखाद्या लेकराचा ‘एसएस’, म्हणजे आईवडील दोघांकडून सिकलसेलचे जनुक आल्याने आजार झालेला, असा अहवाल येतो आणि त्या दिवसापासून त्याचे बाहेर जाणे बंद होत जाते. आधी पावसात जायचे नाही, मग नदीवर जायचे नाही, पुढे शाळेच्या सहलीला जायचे नाही, आणि शेवटी गल्लीतल्या क्रिकेटमध्येही त्याने फक्त धावा मोजायच्या. यामागे आईवडिलांची माया आणि भीती दोन्ही असतात, आणि ज्यांनी रात्रभर मुलाच्या पायाला शेक देत जागरण केले आहे त्यांच्या भीतीला कोणी नावे ठेवू नयेत. तरीही माझे मत स्पष्ट आहे की मुलाला घरात कोंडणे हा सिकलसेलवरचा उपचार नाही. या आजारात बाहेर पडणे टाळायचे नसते, ते आखायचे असते. आणि ही आखणी पाणी, ऊब, विसावा आणि तापावर लक्ष या चार गोष्टींभोवती फिरते.

शरीरात काय घडते

आखणी मनापासून पाळायची असेल तर तिचे कारण घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवे. रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन हे दुसरे अमिनो आम्ल येते, एवढाच काय तो जनुकातला बदल असतो. मात्र त्यामुळे ऑक्सिजन सोडून झाल्यावर हे हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू बनवतात आणि गोल, लवचीक लाल पेशी ताठ होऊन विळ्यासारखी वाकते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि हाडे, सांधे, पोट किंवा छाती असह्य दुखू लागते, ज्याला आपल्याकडे सगळेच ‘क्रायसिस’ म्हणतात. निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, तर ही पेशी साधारण १० ते २० दिवसांतच फुटते. त्यामुळे रक्त कायम कमी राहते आणि मूल इतरांपेक्षा लवकर दमते.

यातून बाहेरच्या वागण्याचे सगळे नियम निघतात. शरीरातले पाणी कमी झाले की पेशीतले हिमोग्लोबिन दाटते आणि पेशी वाकण्याची शक्यता वाढते. अंगाला गार वारा लागला की त्वचेखालच्या वाहिन्या आकसतात, रक्त तिथून सावकाश सरकते आणि पेशींना वाकायला वेळ मिळतो. दम लागेपर्यंत धावले की स्नायू ऑक्सिजन झपाट्याने ओढून घेतात. उंच डोंगरावर तर हवेतच ऑक्सिजन विरळ असतो. जंतुसंसर्गाचा धोका वेगळाच आहे, कारण या मुलांची प्लीहा, म्हणजे आपल्याकडची पानथरी, लहानपणीच निकामी होऊ लागते आणि जंतूंशी लढण्याची तिची ताकद जाते.

निघण्याआधी डॉक्टरांशी बोलणे

मुलाची प्रकृती स्थिर असताना, म्हणजे ताप, क्रायसिस किंवा नुकतेच रक्त चढवणे यांपैकी काही नसताना, डॉक्टरांना काही प्रश्न मुद्दाम विचारून घ्यावेत. एरवीचे हिमोग्लोबिन किती असते, पानथरी हाताला लागते का आणि किती, ऑक्सिजनची एरवीची पातळी किती, आणि वजनानुसार पॅरासिटामॉलचा एक डोस किती, ही उत्तरे एका कागदावर लिहून घ्यावीत. त्याच कागदावर रक्तगट, चालू औषधे, अ‍ॅलर्जी आणि डॉक्टरांचा फोन लिहून त्याची एक प्रत पिशवीत, एक वडिलांच्या पाकिटात आणि एक फोटो काढून आईच्या मोबाइलमध्ये ठेवावी. अनोळखी गावच्या ग्रामीण रुग्णालयात रात्री दोन वाजता पोहोचल्यावर ‘याचे हिमोग्लोबिन आठच असते’ हे एक वाक्य तिथल्या डॉक्टरांना फार उपयोगी पडते, कारण आजचा आकडा घसरलेला आहे की नेहमीचाच आहे हे त्यांना त्यावरूनच कळते.

पानथरी वाढलेली असेल तर कबड्डी, कुस्ती आणि झाडावरून उड्या मारण्याचे खेळ टाळावेत, कारण पोटावर मार बसल्यास ती फुटू शकते. खुब्यात किंवा जांघेत सतत दुखत असेल, मूल लंगडत असेल, तर आधी मांडीच्या हाडाच्या डोक्याची तपासणी करून घ्यावी. तिथला रक्तपुरवठा बिघडलेला असल्यास धावण्या-उड्या मारण्याऐवजी सायकल आणि कोमट पाण्यात पोहणे हे मार्ग डॉक्टर बहुधा सुचवतात.

हायड्रॉक्सीयुरिया (क्रायसिस कमी करणारे औषध) आणि फॉलिक अ‍ॅसिड (रक्तवाढीसाठीचे जीवनसत्त्व) चालू असेल तर ते प्रवासातही एक दिवस चुकू देऊ नये. गोळ्या सामानाच्या मोठ्या बॅगेत न ठेवता हातातल्या पिशवीत ठेवाव्यात. न्यूमोकोकस या न्यूमोनियाच्या जंतूवरच्या लसीसह सर्व लसी पूर्ण असल्याची खात्री करावी, आणि पाच वर्षांखालील मुलाला पेनिसिलिन चालू असेल तर त्याकडेही तेवढेच लक्ष द्यावे.

पाणी

चारही गोष्टींत पाणी सर्वांत महत्त्वाचे आहे, आणि त्यात एक खाच आहे जी अनेक पालकांना कोणी सांगितलेलीच नसते. सिकलसेलमध्ये मूत्रपिंडाची लघवी दाट करण्याची क्षमता लवकर कमी होते. साधे मूल पाणी कमी मिळाले की कमी लघवी करते आणि शरीर स्वतःच पाणी राखते. आपल्या मुलाचे शरीर तसे राखू शकत नाही. ते पाणी कमी पिऊनही भरपूर लघवी करत राहते आणि बघता बघता कोरडे पडते. म्हणून लघवी फिक्या रंगाची आहे, म्हणजे सगळे ठीक आहे, असा निष्कर्ष या मुलांच्या बाबतीत काढू नये. रात्री अंथरूण ओले होण्यामागेही बऱ्याचदा हेच कारण असते, आणि त्यावरून मुलाला रागावणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

मुलांना दिवसाला किती पाणी लागते याचा डॉक्टर वापरतात तो ठोकताळा असा: पहिल्या १० किलो वजनाला दर किलोमागे १०० मिलिलिटर, पुढच्या १० किलोंना ५० आणि त्यापुढे २०. म्हणजे २० किलोच्या मुलाला दीड लिटर आणि ३० किलोच्या मुलाला १७०० मिलिलिटर हा साध्या दिवसाचा पाया झाला. उन्हात फिरण्याच्या दिवशी याहून बरेच जास्त लागते, आणि किती वाढवायचे हे मुलाच्या हृदयाची व मूत्रपिंडाची स्थिती पाहून डॉक्टरांनी ठरवून द्यावे. ‘तहान लागली की पी’ असे सांगून सोडू नये, कारण खेळात रमलेल्या मुलाला तहान कळत नाही. दर १५-२० मिनिटांनी चार-पाच घोट, हा नियम मोठ्यांनी पाळून घ्यावा. साध्या पाण्याचा कंटाळा आला तर लिंबू-साखर-मिठाचे पाणी, पातळ ताक, कैरीचे पन्हे चालते. बर्फाचा गोळा आणि फ्रिजमधले गारढोण पेय मात्र टाळलेले बरे. पाणी घरून उकळून नेलेले असावे, कारण साल्मोनेलासारख्या जंतूंचा संसर्ग या मुलांच्या थेट हाडात शिरू शकतो. याच कारणाने उघड्यावरचे, कापून ठेवलेले फळ घेऊ नये. केळी, संत्री ही सोलून खायची फळे उत्तम.

एवढे पाणी प्यायल्यावर लघवीला वारंवार जावे लागणार, हेही आखणीतच धरावे. वाटेत कुठे थांबता येईल ते आधी पाहावे. मुलीला स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून ती पाणी पिणेच टाळते, हे शाळेत आणि सहलीत दोन्हीकडे घडते, म्हणून मुलींच्या बाबतीत ही चौकशी अधिक बारकाईने करावी.

ऊब, आणि ऋतूप्रमाणे ठिकाण

ताडोबाचे उदाहरण घेऊ, कारण आपल्याकडच्या मुलांचे ते पहिले स्वप्न असते. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे मोहर्लीच्या प्रवेशद्वारातून उघडी जिप्सी आत शिरते तेव्हा थंडीपेक्षा वेगाने अंगावर येणारा वारा अधिक बोचतो, आणि सिकलसेलच्या मुलाच्या गुडघ्यांना व बोटांना नेमका तोच बाधतो. शिवाय आत ठरलेल्या जागा सोडून वाहनातून उतरता येत नाही, म्हणजे तीन-चार तास लघवीचीही अडचण. म्हणून हिवाळ्यात दुपारची सफारी घ्यावी आणि सूर्य कलू लागताच कानटोपी, हातमोजे, मोजे व चादर असा जामानिमा चढवावा. उन्हाळ्यात उलट करावे: चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा सकाळची फेरी बरी आणि दुपार सावलीत काढावी. वाघ दिसण्याची शक्यता कोणत्या फेरीत जास्त हा प्रश्न आपल्या कुटुंबाने दुसऱ्या क्रमांकावर ठेवावा.

कपडे एका जाड स्वेटरऐवजी दोन-तीन पातळ थरांचे असावेत, म्हणजे घाम येताच एक थर काढता येतो. घामाने भिजलेला सदरा अंगावर वाळू देणे हे पावसात भिजण्याइतकेच वाईट. पावसाळ्यात बनियनपासून मोज्यांपर्यंत कोरड्या कपड्यांचा पूर्ण जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून न्यावा. मनगटावर, पोटरीवर किंवा कमरेला करकचून बसणारे इलॅस्टिक नसावे.

पोहणे पूर्ण वर्ज्य नाही. उन्हाळ्यात, दिवसा, पाणी अंगाला गार न लागणाऱ्या वेळी, १५-२० मिनिटे डुंबून मुलाला बाहेर काढावे, लगेच अंग कोरडे पुसून कपडे घालावेत आणि उन्हात बसवावे. ओठ किंवा नखे निळसर दिसली, अंगावर काटा आला, तर त्याच क्षणी बाहेर. विहिरीतले पाणी खोलवर गारच असते, आणि पाण्याखाली कोण जास्त वेळ श्वास रोखतो ही पोरांची पैज आपल्या मुलासाठी धोक्याची आहे. ते त्याला कारणासकट समजावून सांगावे.

उंचीची भीती मात्र महाराष्ट्रात फारशी बाळगायचे कारण नाही. चिखलदरा सुमारे ११०० मीटरवर आहे, आणि राज्यातले सर्वोच्च कळसूबाई शिखरही १६४६ मीटरचेच आहे. इथे अडचण विरळ हवेची नसून चढाच्या श्रमाची आणि वाऱ्याची असते. लेह सुमारे ३५०० मीटरवर आहे; तिथे किंवा हिमालयातल्या उंच खिंडींमध्ये सिकलसेलच्या मुलाला नेऊ नये असेच मी म्हणेन, आणि दोन हजार मीटरच्या आसपासच्या ठिकाणांसाठीही आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. चिखलदऱ्याला जायचे तर ऑक्टोबर-नोव्हेंबरची उन्हे निवडावीत. तिथला गाविलगड किल्ला एका दमात पाहून संपवण्याचा हट्ट नको. श्रावणात नागपंचमीच्या सुमारास आपल्याकडून हजारो लोक पचमढीच्या नागद्वार यात्रेला जातात. भर पावसात, ओल्या कपड्यांनी, गर्दीत, दिवसभर डोंगर चढण्या-उतरण्याची ती वाट आहे आणि मध्येच परत फिरणे तिथे सोपे नसते. श्रद्धेचा पूर्ण मान राखून सांगतो, एसएस मुलाला त्या यात्रेत नेऊ नये. पचमढी त्याला हिवाळ्यातल्या उन्हात दाखवता येते.

रानात जाणे म्हणजे काहींसाठी पर्यटन नसून जगणेच असते, हेही विसरता येत नाही. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचायला सारे घर निघते तेव्हा मुलाला घरी एकटे ठेवण्यापेक्षा बरोबर न्यावे. वेचणी सावलीत आणि थोड्या वेळाची असते, फक्त पाण्याचा डबा आणि अंगभर कपडे हवेत. मे महिन्यातल्या तेंदूपत्त्याच्या तोडणीला मात्र त्याला नेऊ नये. ते काम तासन्‌तास उन्हातले आहे आणि पुडे बांधून होईपर्यंत कोणाला थांबता येत नाही. रानात मुक्काम असेल तर मच्छरदाणी लागतेच. ‘सिकलसेलवाल्याला मलेरिया होत नाही’ हा समज घातक आहे. वाहकाला, म्हणजे एकाच पालकाकडून सिकलसेलचे जनुक आलेल्या ‘एएस’ व्यक्तीला, गंभीर मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते. एसएस मुलाला मलेरिया झाला तर तो जिवावर बेतू शकतो.

विसावा आणि घरची माणसे

मुलाशी एक करार करावा: त्याने ‘थांबू या’ म्हटले की सगळे थांबतील, कोणी ‘आणखी थोडेच राहिले’ म्हणणार नाही. हा करार एकदाही मोडला तर पुढच्या वेळी ते मूल दुखणे लपवेल. दुखणे शून्य ते दहा या अंकांत सांगायला पाच-सहा वर्षांपासून शिकवता येते. त्याहून लहान मुलांना हसरा आणि रडका चेहरा दाखवून विचारावे.

ठिकाण असे निवडावे की अर्ध्यावरून परतलो तरी दिवस वाया गेल्यासारखे वाटणार नाही. नागपूरकरांना सेमिनरी हिल्स, अंबाझरी, रामटेकजवळचे खिंडसी. भंडारा-गोंदियाकडे नवेगावबांध आणि नागझिरा. पक्षी पाहणे या मुलांसाठी फार चांगला छंद आहे, कारण त्यात गप्प बसून थांबणे हेच कौशल्य असते आणि जे मूल धावण्यात मागे पडते ते इथे पुढे असते.

घरातले दुसरे मूल हा सहसा दुर्लक्षित राहणारा भाग. भावाच्या दुखण्यामुळे सहल रद्द झाली हे त्याने वारंवार ऐकले तर दोघांच्या मनात अढी बसते. म्हणून दोन मोठी माणसे बरोबर असावीत, म्हणजे एकाने आजारी मुलाजवळ बसावे आणि दुसऱ्याने धाकटीला धबधब्यापर्यंत नेऊन आणावे. भावंड एएस असेल तर ते रुग्ण नाही. त्याने सगळे खेळ खेळावेत, फक्त कडक उन्हातल्या जोरदार व्यायामात पाणी आणि विश्रांती सांभाळावी. आजी-आजोबांचा विरोध असेल तर वाद घालण्याऐवजी त्यांनाच बरोबर न्यावे आणि पाण्याच्या वेळा सांभाळायचे काम द्यावे. काळजीला हाताशी काही काम मिळाले की ती मुलाच्या वाटेत येत नाही.

शाळेच्या सहलीसाठी शिक्षकांना लेखी पत्र द्यावे: पाणी आणि लघवीसाठी केव्हाही परवानगी, दमल्यास बसू देणे, ताप आल्यास तत्काळ फोन, आणि दुखऱ्या जागी बर्फ किंवा गार फवारा अजिबात न मारणे. हा शेवटचा मुद्दा ठळक लिहावा, कारण खेळाच्या शिक्षकांचा हात सवयीने बर्फाकडेच जातो आणि या मुलांत बर्फाने वाहिन्या आकसून दुखणे वाढते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये सिकलसेलचा समावेश आहे. त्यामुळे सहलीतून मुलाला परस्पर वगळले जात असेल तर पालकांनी शांतपणे पण ठामपणे त्या कायद्याकडे बोट दाखवावे. नागपूरच्या संपत रामटेके यांनी सिकलसेलग्रस्तांसाठी आयुष्यभर काम केले आणि २०१८ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. आज सिकलसेलचे नाव सरकारदरबारी घेतले जाते त्यामागे अशा माणसांचे श्रम आहेत. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. तिच्या निमित्ताने गावोगावी तपासणी होते, आणि नातेवाइकांतल्या लग्नाच्या वयाच्या मुलामुलींनी ती करून घ्यावी, कारण दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता चारात एक असते.

वाटेत दुखू लागले किंवा ताप आला तर

दुखणे सुरू होताच चालणे थांबवावे, मुलाला उबदार पांघरूण द्यावे, पाणी पाजावे, ठरलेला पॅरासिटामॉलचा डोस द्यावा आणि दुखऱ्या जागी कोमट शेक द्यावा. गरम पाण्याची रबरी पिशवी आणि थर्मासमधले गरम पाणी यासाठीच बरोबर असते. शेक आधी स्वतःच्या मनगटावर लावून पाहावा. आयब्युप्रोफेन डॉक्टरांनी सांगितले असेल तरच द्यावे, कारण पाणी कमी झालेल्या शरीरात ते मूत्रपिंडाला त्रास देऊ शकते. तेवढ्याने उतार पडला नाही तर रुग्णालय गाठावे.

काही लक्षणांत घरगुती उपायांवर एक तासही घालवू नये. ताप १०१ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त, छातीत दुखणे किंवा धाप लागणे, अचानक पांढरेफटक पडणे आणि डाव्या बरगडीखाली पोट फुगणे, चेहरा वाकडा होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, सतत उलट्या, मुलग्यांत लिंग ताठ राहून दुखणे. यांपैकी काहीही दिसले की १०८ ला फोन करावा किंवा मिळेल त्या वाहनाने निघावे. तापाची गोळी देऊन ‘उतरला की पाहू’ असे म्हणू नये, कारण ताप उतरला तरी रक्तातला जंतू तिथेच असतो. पानथरी कशी चाचपून पाहायची हे आईवडिलांनी डॉक्टरांकडून एकदा हाताला शिकून घ्यावे. ते शिकायला पाच मिनिटे लागतात. मुक्कामाच्या जागेपासून रक्तपेढी असलेले रुग्णालय किती अंतरावर आहे आणि तिथे मोबाइलला रेंज आहे का, ही चौकशी खोली ठरवण्याच्या आधीच झालेली असावी.

परतल्यावर कोमट पाण्याने अंघोळ, गरम भात-वरण आणि लवकर झोप. पुढचे दोन दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजावा, कारण श्रमाचे किंवा गारठ्याचे परिणाम कधी कधी दुसऱ्या दिवशी दिसतात, आणि त्या दोन दिवसांत पाण्याचे प्रमाण सहलीच्या दिवसाइतकेच ठेवावे. किती चाललो, हवा कशी होती, मूल कुठे दमले आणि किती वेळ बसल्यावर ताजेतवाने झाले, हे एका वहीत लिहावे आणि हायड्रॉक्सीयुरियासाठी रक्ततपासणीला जाताना ती वही बरोबर न्यावी. पुढच्या वेळी आणखी लांब जायचे की नाही, हे डॉक्टरांना त्या नोंदी वाचून अधिक खात्रीने सांगता येते.